होडी तू बुडवलीस, सुभद्रे

तुझ्या शोकसभेत मी गप्प बसलो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

शाळेच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. सरपंच दौलतराव उठले, त्यांनी डोळे पुसले. खोटे नाही पुसले, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाले, "मास्तरांनी या गावाले नावेत बसाची शिस्त लावली. आजवर आपल्या घाटावर एक मानूस बुडला नाई. आन् त्या कामात मास्तरीनबाईची त्याहिले साथ होती."

साथ! मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण मान गेली ती त्या शब्दानं. तिथंच उठून म्हणायला हवं होतं की दौलतराव, उलटं बोललात. साथ माझी होती, आणि तीही धड नव्हती. नाही उठलो. सभा संपली, लोकांनी हात जोडले, मीही जोडले.

आता या वैशाखात गावाची दुसरी होडी येते आहे, पहिलीपेक्षा मोठी. पहिल्या दिवशी चार गोष्टी सांगायला मलाच बोलावलं आहे. गावापुढं काय बोलायचं ते ठरवण्याआधी तुझ्याशी बोलून घेतो. तू असताना हे जमलं नाही. तू असताना मला बरंच काही जमलं नाही.

पहिली होडी आली तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच पावसाळे झाले असतील. पावसाळ्यात वेणा फुगली की आपलं गाव अलीकडे आणि हिंगणघाट पलीकडे. दवाखाना, बाजार, मोठी शाळा सगळं पलीकडे. मधे धोंडबा ढीवराचा एक जुना डोंगा, खोड कोरून केलेला. म्हणून गावानं वर्गणी काढून नवी होडी करवली. दोन बैलबंड्या एकामागे एक बांधून त्यांवर ती आली. हिंगणघाटच्या सुतारानं केलेली. जन्मभर बंड्या आणि वखरं करणारा माणूस, हात सफाईदार. निळा रंग, पुढच्या टोकाला गुलाबी कमळ. बायांनी बैलांना ओवाळलं, होडीला ओवाळलं. ठरलं असं, की अक्षय तृतीयेला नारळ फोडायचा आणि वर्गणी देणाऱ्या सगळ्यांनी पहिल्या खेपेत बसायचं. पहिल्या खेपेत बसणं हा मान होता, आणि मान कोण सोडतो? म्हणून सगळेच बसणार होते.

तू धुणं घेऊन घाटावर गेली होतीस. परत आलीस ती धुणं तसंच कोरडं घेऊन.

"पाह्यली काय जी तुमची नाव?"

"पाहिली की. सुरेख आहे."

"हो ना. तिच्यातून पलीकडचंही दिसते."

मला वाटलं, थट्टा करतेस. तू बादली दाणकन खाली ठेवलीस. "ऊनानं फळ्या सुकल्या तिच्या. जोडातून माही करंगळी जाते. आधी तिले पान्यात बुडवून ठेवा. फळी पानी पिते, फुगते, मंग जोड मिटते. आमच्या घाटावर नव्या नावेले पह्यले असंच करत."

तुझं माहेर वैनगंगेकाठचं. तुझ्या वडिलांकडे घाटावरच्या नावांचा ठेका होता, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. पण ठेका म्हणजे घरात पैसा, एवढाच त्याचा अर्थ मी लावला होता.

"नवी होडी बुडवायची?" मी म्हणालो. "पूजेच्या आधी? लोक मला वेड्यात काढतील."

"तुमाले वेड्यात काढतील म्हून लोकाइले बुडू द्याचं?"

"धोंडबा आहे ना. त्याचा जन्म नदीवर गेला."

"धोंडबाचा डोंगा एका खोडाचा. त्याले जोडच नाई, तं त्याले जोडाचं काय ठाव? तुमी सांगा ना दौलतरावाले. तुमचं आयकतात."

मी गेलो. आता ऐक, हे तुला मी कधीच सांगितलं नाही. दौलतरावांच्या ओसरीवर बसलो, कपाशीच्या भावाचं बोललो, सुपारी खाल्ली आणि परत आलो. होडीचा शब्द काढला नाही. तू विचारलंस, "सांगितलं?" मी म्हणालो, "बघू म्हणाले." दौलतराव काहीच म्हणाले नव्हते, सुभद्रे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अपशकुनाची गोष्ट माझ्या तोंडून निघू नये, एवढीच माझी काळजी होती.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास की मला ओळखून होतीस, कोण जाणे. पूजेला थोडे दिवस उरले, होडी काठावर कोरडीच, आणि एका भर दुपारी आरडाओरड्यानं मला जाग आली. धावत घाटावर गेलो. होडी काठाच्या पाण्यात ओढलेली. तू, शेजारची सखूबाई आणि आपल्या गल्लीतल्या बाया पितळी गुंडांनी, पाण्याच्या घागरींनी, तिच्यात पाणी ओतत होतात. खालून जोडांतून येत होतं ते वेगळंच. गुलाबी कमळ गळ्यापर्यंत बुडालं होतं. धोंडबा डोक्याला हात लावून वाळूत बसला होता.

"अवो, काय करून राह्यल्या तुमी!" दौलतराव काठावरून ओरडत होते. "नवी नाव बुडवली! अजून नारळ फुटला नाई! कोनाच्या हुकमानं?"

तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस. ओल्या हातानं पदर डोक्यावर सारखा केलास आणि म्हणालीस, "मास्तरांच्या."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझ्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय तापलेल्या वाळूत. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यात विनंती नव्हती. वर्गात पोराला उभं करून आपण त्याच्या उत्तराची वाट पाहतो ना, तसं ते होतं.

"हो," मी म्हणालो. "मीच सांगितलं."

माझ्या आयुष्यातलं हे एक बरं वाक्य, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आज वाटतं, तेही माझ्या धैर्याचं नव्हतं. तू ढकललंस म्हणून निघालं.

होडी पाण्याखाली पडून राहिली आणि लोक आजाऱ्याला भेटायला यावेत तसे तिला भेटायला येऊ लागले. "अजून जीव हाय काय जी?" असं मला रस्त्यात विचारायचे. पाणी उपसून होडी वर काढली त्या दिवशी दौलतरावांनी जोडाजोडातून पोस्टकार्ड घालून पाहिलं. कुठंच शिरेना. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तू बायांच्या घोळक्यात मागं होतीस.

तिथून सगळं सोपं झालं, माझ्यासाठी. तू भाकरी थापता थापता सांगायचीस, मी घाटावर जाऊन तेच सांगायचो. तुझं शहाणपण, माझी शुद्ध भाषा. माणसांआधी वाळूची पोती बसवा, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, प्रथम भाराची परीक्षा करू. पोत्यांनी होडी पाण्यात जिथवर बेतानं बसली तिथं बाहेरून चुन्याची रेघ ओढायला लावलीस. रेघ पाण्याला टेकली की मग प्रत्यक्ष जावई असला तरी काठावर. पाणी उपसायचा डबा दोरीनं होडीलाच बांधायचा, कारण सुटा डबा घरी भाजीला जातो. धोंडबाचं एक वेगळंच दुखणं होतं. डोंगा तो बांबूनं रेटायचा, तोंड पुढं करून. वल्ही मारायची तर जायच्या दिशेला पाठ करावी लागते. "मी काऊन पाठ करून बसू? भुताले पाठ करतात काय?" तो हटूनच बसला. तू निरोप दिलास, समोर एक डोळस मानूस बसवा, तो सांगेल डावं-उजवं. धोंडबाकाकाले म्हना, तुमी राजावानी बसा. राजासारखं म्हटल्यावर तो बसला.

आणि ती खाट! आपल्या अंगणात तू खाट उलटी केलीस, चार पाय वर, आणि गल्लीतल्या बायांना तिच्यात बसायचं शिकवलंस. काठावर पाय द्यायचा नाही, मधोमध द्यायचा. एकीनं बसून घेतल्याशिवाय दुसरीनं उचलायचा नाही. सखूबाई हसून हसून आडवी झाली. "मास्तरीनबाई, खाट डुबते काय?" तू तिला म्हणालीस, "हसून घे. नावेत अशी आडवी झाली तं तुह्यासंगं साऱ्या जातीन." मी ओसरीवर वह्या तपासत होतो आणि मनातून शरमत होतो, की रस्त्यानं जाणारे काय म्हणतील. हेही आज कबूल करतो.

पहिल्या खेपेच्या दिवशी मानाचा प्रश्न निघालाच. दौलतरावांना पुढं कमळाजवळ बसायचं होतं. तू पाठवलेली चिमटीएवढी सूचना मी घाबरत घाबरत सांगितली: मानानं नाही, वजनानं बसायचं, जड माणूस मधे आणि खाली. गावात दौलतरावांइतकं जड कोणी नव्हतं. तोल सांभाळायला त्यांच्या शेजारी गावकुसाबाहेरच्या वस्तीतला तसाच भरदार गडी बसवावा लागला, ज्याला त्यांच्या ओसरीवर कधी पाट मिळाला नसता. दोघं खांद्याला खांदा लावून बसले, आणि दोघांनीही कुठं पाहावं ते कळेना. तू डब्याशी बसली होतीस, पाणी उपसायला. ते काम कुणाला नको होतं म्हणून बाईला मिळालं.

धार लागली आणि मला जिची भीती वाटली नव्हती तीच गोष्ट झाली. आपल्याकडे डोंगा मधधारेला आला की माणूस उठून हळदकुंकू, फूल सोडतो, वेणामायला हात जोडतो. डोंग्यात दोघं-तिघं असत, धोंडबा बांबूनं सावरून घेई. इथं दौलतराव उठले, पाठोपाठ आणखी चार, सगळे एकाच बाजूला. होडी कलली. काठावरून पाणी आत आलं. मी, ज्यानं गावाला सगळं शिकवलं तो मी, दोन्ही हातांनी फळी धरून डोळे मिटले.

उघडले तेव्हा दौलतरावांचं उपरणं तुझ्या मुठीत होतं आणि ते मटकन खाली बसलेले.

"बसा खाली, भाऊजी! सारेच बसा!" तुझा तसा आवाज मी संसारात ऐकला नव्हता. "नमस्कार काठावर करा. वेणामाय काठावरही तेच असते."

सगळे चटकन बसले. परक्या पुरुषाचं उपरणं ओढलेलं, तेही सरपंचाचं. मग दौलतराव स्वतःच हसले. "मास्तर, तुमच्या घरची शाळा लय कडक हाय बाप्पा!" सगळे हसले. आणि बघ, त्या हसण्यातही ती शाळा माझी झाली.

त्या दिवसापासून आपल्या घाटावर नमस्कार काठावर होतो. नव्यानं येणारी सूनबाईसुद्धा आधी हात जोडते, मग मधोमध पाय टाकते. तिला कुणी सांगत नाही हे कुणी ठरवलं.

पुढं तालुक्याचे साहेब आले, शाल आणि नारळ घेऊन. गर्दीत तूही होतीस, बायांच्या बाजूला. साहेबांनी कौतुकानं विचारलं, हे सगळं आपल्याला कसं सुचलं? एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "पुस्तकात वाचलं होतं."

तू पदर तोंडाला लावलास. मला वाटलं, रडतेस. तू हसत होतीस. घरी आल्यावर शाल घडी करून पेटीत ठेवलीस आणि विचारलंस, "कोनतं पुस्तक होय जी ते?"

तेवढंच. भांडली नाहीस. पण मग आयुष्यभर, चूल पेटेना की "पुस्तकात पाहा जी", गाय दूध देईना की "पुस्तकात नसन काय?" मी चिडायचो, तू हसायचीस, आणि मला वाटायचं, हिनं हसण्यावारी नेलं, मिटलं. हसणारं माणूस विसरतं असं नसतं, हे मला कळत होतं. कळत नसल्यासारखं राहणं सोयीचं होतं. तू एकदा जरी भांडली असतीस ना, तर मी माफी मागितली असती. बघ, अजूनही दोष तुझ्यावरच ढकलतो आहे.

आपलं एक भांडण मात्र खरं होतं आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचो, शाळेतल्या मुलींना आधी पोहायला शिकवू, मग होडी. तू म्हणायचीस, आधी बसायला शिकवा, "पोहता येनाराच बुडते, त्याले भेव नसते." मला हे पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. भीती पुरत नाही, सुभद्रे. होडी उलटलीच तर हातपाय मारता आले पाहिजेत. पण हे भांडताना एकदा मी टोमणा मारला, की तुला काय, तू वैनगंगेत पोहत वाढलीस. तू पोळी उलटवत म्हणालीस, "मले कुठं पोहता येते? आमच्याकडं पोरीनं नदीत उतरलेलं बाबाले चालत नव्हतं."

गुडघाभर पाण्यात उभं राहून गावाला अंगावर घेणारी तू. कललेल्या होडीत सगळ्यांत खाली, पाण्यात बसलेली तू. आणि मी, ज्याला बऱ्यापैकी पोहता येतं, फळी धरून डोळे मिटलेला. त्या दिवशी तुझ्याबद्दल मला जे वाटलं त्याला आदर हा शब्द अपुरा आहे. तो अपुरा शब्दसुद्धा मी उच्चारला नाही. म्हणालो, "पोळी करपते आहे."

शेवटच्या आजारात ताप उतरला की तू चौकशी करायचीस, नवीन नाव कवा येते. मी म्हणालो, वैशाखात. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "सुकीच उतरवतील मेले." खोलीत आपण दोघंच होतो. याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "औषध घे."

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. आज होडी आली.

हिरवी आहे, मोठी आहे. घाटावर सगळं गाव होतं. दौलतराव म्हणाले, "मास्तर, सांगा चार शबद." मी उभा राहिलो आणि तुझं नाव घेतलं. चारचौघांत पहिल्यांदाच. आजवर तू 'आमच्या घरातून' होतीस, 'मंडळी' होतीस. म्हणालो, "सुभद्रेनं ती पहिली होडी बुडवली होती. मी तिला सांगितलं नव्हतं, तिनं मला सांगितलं होतं, आणि मी ते दौलतरावांपर्यंत नेलं नव्हतं. खाट, रेघ, पोती, नमस्कार, सगळं तिचं. पुस्तक वगैरे काही नव्हतं. तालुक्याच्या साहेबांपुढं मी खोटं बोललो."

हे बोलायला मला जितकी वर्षं लागली त्या मानानं ते फार पटकन संपलं. मी खाली पाहत थांबलो, कुणी काही कडक बोलेल म्हणून.

दौलतराव माझ्याजवळ आले. "पाहा," ते लोकांकडे वळून म्हणाले, "याले म्हनतात मोठं मन! बायको गेली तं सारा मान तिच्या पदरात टाकून राह्यले." माणसं माना हलवू लागली. धोंडबानं डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, असा नवरा मिळायले पुण्य लागते.

सुभद्रे, मी खरं बोललो आणि त्यांनी तेही माझ्याच खात्यात जमा केलं. मी म्हणालो, अहो नाही, खरंच सांगतो आहे. जितकं सांगावं तितके ते माझ्याकडे प्रेमानं पाहू लागले. दौलतराव माझा दंड थोपटत होते. "बसा मास्तर. दुःख हाय. आमाले समजते."

तेव्हा मागून सखूबाई आली. तिच्यामागं आपल्या गल्लीतल्या बाया, दोघी-तिघी नव्या सुना, सगळ्यांच्या कमरेवर पितळी गुंड. तिनं दौलतरावांना दटावलं, "काही समजत नाई तुमाले. मास्तर दुःखानं नाई, खरं बोलून राह्यले. त्या दुपारी मी होती तिच्यासंगं. मास्तर तं घरी झोपले होते."

दौलतरावांचा हात माझ्या दंडावरून निघाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी ते पाहणं वेगळं होतं. मला ते हवं होतं. ते सोपं नव्हतं.

"मंग इतकी वरसं काऊन नाई बोलली तू?" त्यांनी सखूबाईला विचारलं.

"मास्तरीनबाई म्हने, काम होते ना, मंग होऊ दे. मास्तराच्या तोंडून लवकर होते."

मी तिथंच उभा होतो, होडी आणि बाया यांच्या मधे. खाली पाणी, हिरव्या फळ्यांच्या जोडांवर ऊन. सखूबाईनं गुंड कमरेवर सावरला.

"सरका जी मास्तर," ती म्हणाली. "मधे उभे राह्यले तुमी."

मी सरकलो.